आठशे अंशांवरचा सौदा

मुंबई-गोवा महामार्गाने नागोठणे मागे टाकले की कोलाडच्या अलीकडे खांब लागते. गाडीतून जाणाऱ्याला इथे भाताची खाचरे दिसतात, डोंगर दिसतात आणि वर्षानुवर्षे रेंगाळलेले रस्त्याचे काम दिसते. पेण-रोहा पट्ट्याची दुसरी ओळख जमिनीखालच्या नळांत आहे. समुद्रातल्या बॉम्बे हाय क्षेत्राचा वायू उरणच्या किनाऱ्यावर येतो आणि तिथून रायगड जिल्ह्यात त्याला निरनिराळे जन्म मिळतात. थळच्या आरसीएफमध्ये त्याचे खत होते. नागोठण्यात त्यातल्या इथेन-प्रोपेनपासून प्लास्टिकचा कच्चा माल बनतो. डोलवीत नैसर्गिक वायूच्या जोरावर लोहखनिजाचे लोखंड होते. आणि खुद्द उरणला महानिर्मितीच्या ६७२ मेगावॉटच्या केंद्रात त्याची वीज होते.

उरणला वायू जाळतात. ज्वाळेच्या जोराने टर्बाइन फिरते, त्यावर जनित्र फिरते, उरलेल्या उष्णतेची वाफ करून आणखी एक टर्बाइन फिरवतात. हाच वायू न जाळता, काहीही न फिरवता, थेट वीज काढायची सोय म्हणजे उच्च तापमानाचा फ्युएल सेल. त्यातला सर्वांत चर्चेतला प्रकार घन ऑक्साइडचा. तो साधारण ७०० ते ८०० अंश सेल्सियसवर चालतो आणि इंधनातल्या ऊर्जेपैकी ५० ते ६० टक्के विजेत उतरवतो. कोळशाच्या केंद्राशी तुलना केली तर हा आकडा फार मोठा आहे. पण आजची उत्तम वायुकेंद्रेही साठ टक्क्यांच्या घरात पोहोचली आहेत, तेव्हा नुसत्या कार्यक्षमतेवर भाळून जाण्यात अर्थ नाही. या यंत्राचे खरे मर्म वेगात आहे: रासायनिक अभिक्रिया किती लवकर उरकते, कुठे अडते आणि ती लवकर उरकावी म्हणून आपण काय गमावतो.

आधी रचना. मध्ये चिनीमातीसारखा एक पातळ, घट्ट थर. तो झिर्कोनियाचा, म्हणजे झिर्कोनियमच्या ऑक्साइडचा असतो, त्यात यिट्रिया, म्हणजे यिट्रियमचा ऑक्साइड मिसळलेला असतो. झिर्कोनियमच्या जागी यिट्रियम बसला की विद्युतभाराचा हिशेब जुळवण्यासाठी स्फटिकात ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात. तापमान वाढले की ऑक्सिजनचे आयन या रिकाम्या जागांतून उड्या मारत पलीकडे जातात. इलेक्ट्रॉनला मात्र या थरातून वाट नाही. थराच्या एका अंगाला हवा खेळते, दुसऱ्या अंगाला इंधन. हवेकडच्या इलेक्ट्रोडवर, म्हणजे कॅथोडवर, ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेऊन आयन होतो. तो थर ओलांडून ॲनोडवर येतो, हायड्रोजनशी मिळून पाणी होतो आणि घेतलेले इलेक्ट्रॉन सोडून देतो. ते इलेक्ट्रॉन तारेतून फिरून परत कॅथोडकडे जातात. आपली वीज ती हीच.

विल्यम ग्रोव्हने १८३९ मध्ये हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज काढून दाखवली होती, पण आम्लाच्या द्रावणात आणि प्लॅटिनमच्या पट्ट्यांवर. झिर्कोनियाची करामत वाल्टर नर्न्स्टला १८९९ च्या सुमारास कळली. त्याने याच मिश्रणाची कांडी वापरून दिवा केला. गंमत अशी की ती कांडी थंड असताना वीज वाहून नेतच नसे. आधी तिला बाहेरून तापवावे लागे, मग ती स्वतःच्या प्रवाहाने झळकत राही. पुढे १९३७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये एमिल बाउर आणि प्राइस यांनी याच घन पदार्थाचा पहिला फ्युएल सेल हजार अंशांच्या आसपास चालवला. वीज अगदी थोडी मिळाली, पण कल्पना खरी ठरली.

इथे एक कोडे आहे. उष्मागतिकीच्या पुस्तकात पाहिले तर हायड्रोजन-ऑक्सिजन सेलचे आदर्श व्होल्टेज २५ अंशांवर १.२३ व्होल्ट असते आणि ८०० अंशांवर उतरून सुमारे ०.९८ होते. म्हणजे तापवून तोटाच. मग एवढी भट्टी पेटवायची कशाला? कारण आदर्श व्होल्टेज मिळते ते सेलमधून काहीच वीज घेतली नाही तर. वीज घ्यायला लागलो की अभिक्रियेला पळवावे लागते आणि पळवण्याची किंमत व्होल्टेजमध्येच मोजावी लागते. कमी तापमानाच्या, ८० अंशांवर चालणाऱ्या सेलला ही किंमत इतकी जड जाते की प्लॅटिनमशिवाय भागत नाही. ८०० अंशांवर निकेल आणि काही स्वस्त ऑक्साइड पुरतात. तापमान वाढवून आपण पाव व्होल्ट कागदावर गमावतो आणि त्याहून जास्त प्रत्यक्षात वाचवतो.

अभिक्रियेला किती पळावे लागते, तेही पाहू. १०० चौरस सेंटिमीटरचा एक सेल घ्या आणि त्यातून दर चौरस सेंटिमीटरला अर्धा अँपिअर काढा. एकूण ५० अँपिअर झाले. ऑक्सिजनच्या एका रेणूला चार इलेक्ट्रॉन लागतात, म्हणजे एका अँपिअरला दर सेकंदाला सुमारे १.५६ गुणिले १० चा १८ वा घात इतके रेणू फोडून आयन करावे लागतात. इतके करून एका सेलमधून ०.८ व्होल्टला मिळतात फक्त ४० वॉट. एक किलोवॉटला असे २५ सेल एकावर एक रचावे लागतात.

ही फोडाफोड कुठे होते? सगळ्या इलेक्ट्रोडभर होत नाही, आणि हेच नवख्याला पटकन पटत नाही. कॅथोडसाठी अनेक वर्षे वापरात असलेला पदार्थ म्हणजे लँथॅनम, स्ट्रॉन्शियम आणि मँगनीज यांचा ऑक्साइड. तो इलेक्ट्रॉन उत्तम वाहतो, आयन जवळजवळ नाही. आयन फक्त झिर्कोनियातून जातात. ऑक्सिजन वायूच्या छिद्रातूनच येणार. म्हणजे छिद्र, इलेक्ट्रॉन देणारा कण आणि आयन नेणारा कण हे तिघे जिथे एकमेकांना टेकतात त्या रेषेवरच काम होऊ शकते. नागोठण्यावरून वाहत धरमतरच्या खाडीला मिळणाऱ्या अंबा नदीच्या काठी खेकडे शोधणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही: खोल पाण्यात नाही, कोरड्या शेतात नाही, जे काही सापडते ते काठावरच्या चिखलात. आणि खाडीला जितकी वळणे जास्त, तितका काठ लांब. म्हणूनच इलेक्ट्रोड गुळगुळीत करत नाहीत. दोन पदार्थांची मायक्रॉनभर आकाराची भुकटी मिसळून, छिद्रे ठेवून भाजतात, जेणेकरून तेवढ्याच जागेत काठाची लांबी शेकडो पटींनी वाढावी. तरीही उपयोगी पडतो तो मधल्या थराला लागून असलेला दहा-एक मायक्रॉनचा भाग. बाकीची जाडी हवा आणि वीज पोहोचवण्याचे हमालीचे काम करते.

यावर तोड म्हणून पुढे असे पदार्थ आले की जे इलेक्ट्रॉन आणि आयन दोन्ही वाहतात. लँथॅनम, स्ट्रॉन्शियम, कोबाल्ट आणि लोह यांचा ऑक्साइड त्यातला प्रसिद्ध. आता रेषेची अट सुटली, कणाचा सगळा पृष्ठभाग कामाला लागला. पण रसायनशास्त्र काही फुकट देत नाही. हा पदार्थ झिर्कोनियाला चिकटून भाजला की स्ट्रॉन्शियम तिकडे सरकतो आणि स्ट्रॉन्शियम झिर्कोनेटचा वीज न वाहणारा पापुद्रा तयार होतो. म्हणून दोघांच्या मध्ये सेरियाचा, म्हणजे सेरियमच्या ऑक्साइडचा पातळ थर घालावा लागतो. तो नीट बसला नाही तर मूळ दुखणे परत.

तापमान थोडे खाली आणता आले तर पोलादाचे भाग वापरता येतील, सील टिकतील, खर्च उतरेल. ही सगळ्यांचीच इच्छा. मग अडते कुठे? झिर्कोनियातून आयन सरकण्यासाठी लागणारी सक्रियण ऊर्जा सुमारे ०.९५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. कॅथोडवरच्या अभिक्रियेला सुमारे १.३ लागते. फरक किरकोळ वाटतो, पण तो घातांकात जाऊन बसतो. ८०० वरून ६०० अंशांवर आलात तर झिर्कोनियाची वहनक्षमता साधारण दहा पटींनी घटते, कॅथोडचा वेग मात्र पंचवीस पटींच्या आसपास. झिर्कोनियाचा प्रश्न सोडवता आला: पूर्वी दीडशे मायक्रॉनचा थर असे, तो दहा मायक्रॉनवर आणला, भार पेलण्याचे काम जाड ॲनोडवर सोपवले, आणि गमावलेले परत मिळाले. कॅथोड असा पातळ करून सुटत नाही. गेल्या तीस वर्षांतले निम्मे संशोधन याच एका बाजूवर खर्ची पडले म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

कोणता टप्पा अडतोय हे कळते कसे? ऑक्सिजनला कणावर बसायचे आहे, दोन अणूंत तुटायचे आहे, पृष्ठभागावरून सरकायचे आहे, इलेक्ट्रॉन घ्यायचे आहेत आणि रिकाम्या जागेत शिरायचे आहे. यातला सर्वांत सुस्त जो, तोच सगळ्यांचा वेग ठरवतो. प्रयोगशाळेत नाण्याएवढी चकती भट्टीत ठेवून तिला विजेचा अगदी सौम्य उलटसुलट हेलकावा देतात, सेकंदाला लाख वेळांपासून ते दहा सेकंदांत एकदा इतक्या हळूपर्यंत. वेगवान टप्पे जलद हेलकाव्याला दाद देतात, सुस्त टप्पे संथ हेलकाव्याला. आलेखावर एकामागून एक अर्धवर्तुळे उमटतात आणि प्रत्येकाची रुंदी म्हणजे त्या टप्प्याचा अडथळा. मग हवेतला ऑक्सिजन कमीजास्त करून पाहायचे. एखादे अर्धवर्तुळ ऑक्सिजनच्या वर्गमूळाच्या हिशेबाने बदलले तर रेणू तुटण्याकडे संशय जातो, चौथ्या मुळाच्या हिशेबाने बदलले तर इलेक्ट्रॉन घेण्याकडे. हे वाचताना सोपे वाटते. प्रत्यक्षात दोन अर्धवर्तुळे एकमेकांत मिसळलेली असतात आणि एकाच आलेखाचे तीन अर्थ लावणारे तीन शोधनिबंध सहज सापडतात.

आता इंधनाची बाजू, आणि इथे डोलवी मदतीला येते.

ॲनोड निकेल आणि झिर्कोनिया यांच्या मिश्रणाचा असतो. पण तो बनवताना निकेल घालत नाहीत, निकेल ऑक्साइड घालतात. चकती भट्टीत तेराशे-चौदाशे अंशांवर भाजून निघते तेव्हा हिरवी असते. सेल पहिल्यांदा तापवून त्यावर हायड्रोजन सोडला की ऑक्साइडमधला ऑक्सिजन निघून जातो आणि हिरवी चकती करडी-काळी होते. ऑक्सिजन गेला म्हणून घन भाग आक्रसतो, निकेल ऑक्साइडच्या तुलनेत निकेलला सुमारे चाळीस टक्के कमी जागा लागते. ही मोकळी झालेली जागा म्हणजेच छिद्रे, म्हणजेच पुन्हा तो काठ. डोलवीला १९९४ पासून जे स्पंज आयर्न होत आले त्याचे तत्त्व हेच. लोहखनिजाच्या गोळ्यांवरून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडचा तापलेला वायू सोडतात, ऑक्सिजन निघून जातो, गोळीचा आकार बहुतेक तसाच राहतो आणि आत भोकेच भोके. स्पंज हे नाव त्यावरूनच. या धंद्यातल्या माणसाला दुसरी बाजूही ठाऊक असते: स्पंज आयर्नला ओल लागली की ते पुन्हा ऑक्सिजन घेऊ लागते, आपोआप तापते, कधी पेटते. निकेलचे ॲनोडही तसेच. तापलेला सेल बंद करताना इंधन तुटले आणि हवा आत शिरली तर निकेल पुन्हा ऑक्साइड होते, पण आता त्याला जवळजवळ सत्तर टक्के जास्त जागा हवी असते. आजूबाजूचा झिर्कोनिया ती देत नाही, तडकतो. एका वाईट शटडाऊनमध्ये वर्षभराचे आयुष्य जाऊ शकते.

म्हणून हा सेल सारखा चालू-बंद करायच्या कामाचा नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडवर आले, विजेचे खांब उन्मळले, गावेच्या गावे कित्येक दिवस अंधारात होती. अशा वेळी जमिनीखालच्या नळाने चालणारा फ्युएल सेल इस्पितळाला फार उपयोगी पडला असता, हे खरे. पण तो आधीपासून चालू असला तरच. वीज गेली म्हणून तापवायला घेतला तर तासन्‌तास लागतात. डिझेल जनरेटरची जागा तो घेणार नाही. बारा महिने तेरा काळ चालणारे काम असेल तिथेच तो शोभतो.

निकेलची आणखी एक खोड थळच्या कामगारांना पाठ असेल. खत कारखान्यात नैसर्गिक वायू आणि वाफ निकेलच्या कॅटॅलिस्टवरून आठशेच्या आसपास तापमानात नेतात, त्यातून हायड्रोजन मिळतो. हे जिथे होते त्या रिफॉर्मरच्या आधी वायूतले गंधक झिंक ऑक्साइडवर काढून टाकतात, कारण निकेलला गंधक अजिबात सोसत नाही. वाफ कमी पडली तर कॅटॅलिस्टवर काजळी धरते, तेही तिथे सगळ्यांना माहीत. फ्युएल सेलमध्ये हाच रिफॉर्मर ॲनोडच्या पोटात असतो. मिथेन आणि वाफ आत जातात, निकेलवरच त्यांचे हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड होते. या अभिक्रियेला उष्णता लागते, एका मोलमागे २०६ किलोजूल, आणि ती सेलच्या स्वतःच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून भागते. थळला त्यासाठी बर्नर पेटवावे लागतात, इथे घरचेच घरात. मात्र निकेलवर मिथेनची अभिक्रिया इतकी भरभर होते की वायू आत शिरतो त्याच टोकाला सगळी उष्णता शोषली जाते, ते टोक थंड पडते आणि चिनीमातीच्या जातीचा थर तिथेच तडकायला बघतो. अशा वेळी अभियंता वेग कमी कसा करता येईल हे पाहतो. एका इलेक्ट्रोडवर वेग मिळत नाही म्हणून रडायचे आणि दुसऱ्यावर जास्त झाला म्हणून, असा हा संसार आहे.

गंधकाचे म्हणाल तर दहा लाखांत एक भाग हायड्रोजन सल्फाइडही ॲनोडचे तेज उतरवायला पुरतो. घरगुती वायूत गळती कळावी म्हणून जो उग्र वास मिसळतात, तो गंधकयुक्त मर्कॅप्टनचा. म्हणजे महानगर गॅसच्या नळावर सेल लावायचा तर माणसाच्या नाकासाठी घातलेले गंधक आधी निकेलसाठी काढावे लागणार.

हवेच्या बाजूला कोकणाचा स्वतःचा एक प्रश्न आहे, आणि त्याकडे परदेशी पत्रकांचे लक्ष असण्याचे कारण नाही. सेलच्या रचनेत एकमेकांना जोडणाऱ्या पट्ट्या क्रोमियमच्या पोलादाच्या असतात. तापल्यावर त्यांच्या पृष्ठभागावरून क्रोमियमची संयुगे वाफेसारखी उडतात आणि कॅथोडच्या नेमक्या कामाच्या काठावर जाऊन बसतात. हवा जितकी दमट तितके हे उडणे जास्त. जुलैत २८ अंश तापमानाला भरल्या हवेत आकारमानाने तीन टक्क्यांहून अधिक पाण्याची वाफ असते. खांबच्या पावसाळ्यात कोरड्या हवेचा दिवस मागून मिळत नाही. पट्ट्यांवर रक्षक लेप देतात हे खरे, पण कोरड्या हवेतल्या चाचणीचा आकडा इथे जसाच्या तसा लागू पडेल असे कोणी समजू नये.

महाराष्ट्रात या शास्त्राची माणसे कमी नाहीत. अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी फॉस्फोरिक आम्लाचा फ्युएल सेल घडवला आणि मार्च २०२१ मध्ये त्याच्या जमिनीवरच्या नमुन्याची महत्त्वाची चाचणी यशस्वी झाली. तो सुमारे दोनशे अंशांचा, त्यामुळे त्याला प्लॅटिनम लागते. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी यांच्या सेलवरची बस ऑगस्ट २०२२ मध्ये लोकांसमोर आली, तो सेल आणखी कमी तापमानाचा. घन ऑक्साइडच्या बाजूला पुण्याचीच एच२ई पॉवर ही कंपनी काम करते. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्याच्या थरमॅक्सने ब्रिटनच्या सेरेसशी करार केला तो याच सेलच्या उलट्या चालीसाठी: वीज आणि वाफ आत घालायची, हायड्रोजन बाहेर काढायचा. इलेक्ट्रोड तेच, काठही तोच, वाहतूक उलट. ही उलटी चाल मंगळावरही चालून दाखवली आहे. पर्सिव्हरन्स गाडीवरच्या मॉक्सी या उपकरणाने एप्रिल २०२१ मध्ये आठशे अंशांवर तिथल्या कार्बन डायऑक्साइडमधून पहिल्या खेपेस पाच ग्रॅमहून थोडा अधिक ऑक्सिजन काढला आणि काम थांबेपर्यंत एकूण १२२ ग्रॅम.

मंगळावरच्या उपकरणाला वर्षानुवर्षे अहोरात्र चालायचे नव्हते. रोह्याजवळ धाटावच्या एखाद्या कारखान्यात लावलेल्या सेलला चालायचे आहे. आणि ज्या तापमानाने अभिक्रियेला वेग दिला तेच तापमान इलेक्ट्रोडला म्हातारे करते. निकेलचे बारीक कण हळूहळू एकमेकांत मिसळून मोठे होतात, काठ आखूड होतो. कॅथोडच्या पृष्ठभागावर स्ट्रॉन्शियम वर येऊन साचतो, क्रोमियम बसतो. हजार तासांत अर्धा टक्का घट म्हटले तर कानाला काहीच वाटत नाही. चाळीस हजार तासांत, म्हणजे साडेचार वर्षांत, ती वीस टक्के होते.

थळ, डोलवी आणि नागोठण्याच्या माणसांना तापलेल्या निकेलशी, गंधकाशी, काजळीशी आणि शटडाऊनशी कसे वागायचे हे अनेक वर्षांपासून माहीत आहे. फ्युएल सेल चालवण्याच्या ज्ञानाचा मोठा भाग रायगडात आधीच आहे; पातळ, निर्दोष थर हजारोंनी आणि स्वस्तात भाजण्याची कला तेवढी कमवायची आहे. तोवर कोणी विक्रेता साठ टक्के कार्यक्षमतेचे रंगीत पत्रक घेऊन आला, तर त्याला तीनच गोष्टी विचारा: हजार तासांमागे घट किती, ती दमट हवेत मोजली का, आणि किती वेळा थंड करून पुन्हा तापवल्यावर मोजली. उत्तर आकड्यांत आले नाही तर चहा पाजून परत पाठवा.